९८,८८७ ते १९,१११ : मॅकडॉवेल काउंटीतली माणसं कुठे गेली?

१९४१ साली वेल्च नावाच्या एका डोंगरी गावाच्या नगरपालिकेने मोटारी लावण्यासाठी बहुमजली इमारत बांधली. नगरपालिकेच्या मालकीची अशी इमारत अमेरिकेत पहिलीच. हा मान न्यूयॉर्कला मिळाला नाही की शिकागोला नाही, तो मिळाला वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला टग फोर्क आणि एल्कहॉर्न या दोन प्रवाहांच्या संगमावर चेंगरून बसलेल्या या गावाला. कारण अगदी साधं होतं. गावात सपाट जागा नव्हती आणि शनिवारी आजूबाजूच्या खाणवस्त्यांतून बाजाराला उतरणाऱ्यांची गर्दी रस्त्यात मावत नसे.

वेल्च हे मॅकडॉवेल काउंटीचं मुख्य ठाणं. काउंटी म्हणजे कारभाराने आपला जिल्हा आणि लोकसंख्येने बहुतेक वेळा आपला तालुका, कधी त्याहूनही लहान. १९५०च्या जनगणनेत मॅकडॉवेलमध्ये ९८,८८७ माणसं होती. २०२०मध्ये १९,१११. दर पाचातले चार गेले. मध्ये युद्ध झालं नाही, धरणाखाली गावं बुडाली नाहीत, साथ आली नाही.

या काउंटीबद्दल अमेरिकेतही एक वाक्य सर्रास ऐकू येतं, की कोळसा संपला म्हणून माणसं गेली. ते खरं नाही. तिथे आजही कोळसा निघतो. सगळ्यात मोठी गळती झाली ती खाणी चालू असताना. म्हणून हे प्रकरण आकडे आणि साल शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवं.

आधी जमीन कशी आहे ते पाहू. क्षेत्रफळ साधारण १,३८० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त. पण यातली घर बांधण्याजोगी सपाट जमीन अगदी चिमूटभर. ॲपलाचियन पर्वताचा हा भाग म्हणजे पाण्याने कापून कापून खिळखिळं केलेलं पठार. शिखरं फार उंच नाहीत, पण उतार उभे आणि दऱ्या अरुंद. अशा अरुंद घळीला तिथले लोक ‘हॉलर’ म्हणतात, आणि कुठल्या हॉलरचा आहेस हीच माणसाची ओळख. घळीच्या तळाशी ओढा, ओढ्याला लागून रेल्वेचे रूळ, रुळाला लागून रस्ता आणि उरलेल्या पट्टीत घरांची एक रांग. कधी कधी दुसरी रांग डोंगराला टेकून, पुढच्या बाजूने खांबांवर उभी. मोठा पाऊस झाला की ओढा, रूळ, रस्ता आणि घर या चौघांना एकाच वाटेने जावं लागतं. २००१च्या जुलैत आणि लगेच २००२च्या मेमध्ये असे पूर आले. २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा. वरचं तोडलेलं जंगल आणि खाणींनी उकरलेले उतार लक्षात घेतले तर याला केवळ निसर्गाचा कोप म्हणणं जिवावर येतं.

काउंटी स्थापन झाली १८५८ साली, टेझवेल काउंटीतून तुकडा काढून. नाव व्हर्जिनियाचे एक माजी गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल यांचं. पाचच वर्षांनी, यादवी युद्धाच्या धामधुमीत, व्हर्जिनियाचा पश्चिम भाग फुटून वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं आणि मॅकडॉवेल त्यात गेलं. त्यानंतर बराच काळ सांगण्यासारखं काही घडलं नाही. १८८०मध्ये सगळ्या काउंटीत मिळून ३,०७४ माणसं होती. मका, डुकरं, शिकार, थोडं लाकूड.

डोंगराच्या पोटात काय आहे ते मात्र काहींना माहीत होतं. आयझाया वेल्च नावाच्या माजी सैनिकी कप्तानाने १८७०च्या दशकात या भागाची पाहणी केली होती. आजच्या गावाला नाव त्याचंच. त्याने पाहिलेल्या थरांमधला एक पुढे ‘पोकाहोंटास नंबर ३’ म्हणून जगभर गाजला. या कोळशात राख कमी, गंधक कमी आणि उडून जाणारे वायूही कमी, त्यामुळे तो जवळपास धुराशिवाय जळतो. ज्या काळी जहाजाच्या धुरावरून शत्रूला ते मैलोगणती लांबून दिसे, त्या काळात आरमाराच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट! अमेरिकेच्या आरमाराला हा कोळसा हवा होता आणि पोलादाच्या भट्ट्यांना त्याचा कोक, म्हणजे हाच कोळसा हवेविना भाजून केलेलं इंधन.

अडचण फक्त तो बाहेर काढण्याची होती. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १८८०च्या दशकाच्या शेवटी डोंगर पोखरून बोगदा काढला आणि एल्कहॉर्नच्या दरीत रूळ आणले. १८९२मध्ये मार्ग ओहायो नदीपर्यंत भिडला. त्याच वर्षी काउंटीचं ठाणं पेरीव्हिल सोडून वेल्चला हललं. ठाणं हलवण्याच्या मतदानाच्या निकालावरून वाद पेटू नये म्हणून दप्तर रातोरात गाड्यांत घालून नवीन गावी नेलं, असं तिथे अजून सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवू. ठाणं रेल्वेच्या मागे धावलं, एवढं नक्की.

आता आकडे. १८९०ला ७,३००. १९००ला १८,७४७. १९१०ला ४७,८५६. १९२०ला ६८,५७१. १९३०ला नव्वद हजारांवर. १८८० ते १९५० या सत्तर वर्षांत लोकसंख्या बत्तीसपट झाली. इतकी वाढ जन्मांनी होत नाही. ही माणसं आणलेली होती, आणि मला वाटतं, पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट धरून ठेवली पाहिजे.

आणली कुठून? एक प्रवाह अलाबामा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना इथून आलेल्या काळ्या कामगारांचा. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी काळ्यांचा मतदानाचा हक्क कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतला होता. वेस्ट व्हर्जिनियाने तो ठेवला. शाळा वेगळ्याच होत्या, पण टनामागे मिळणारी मजुरी गोऱ्याइतकीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काउंटीतली चौथ्या हिश्श्याहून जास्त वस्ती काळी होती आणि तिच्या मतांना किंमत होती. कीस्टोन गावातून १९०४पासून ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे काळ्या समाजाचं वृत्तपत्र निघे. ‘मॅकडॉवेलचं स्वतंत्र संस्थान’ हा शब्दप्रयोग त्याच काळातला. १९२८ साली इथल्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची पतीच्या निधनानंतर त्यांच्या जागी राज्याच्या विधिमंडळावर नेमणूक झाली. अमेरिकेच्या कुठल्याही विधिमंडळात बसलेली ती पहिली काळी स्त्री. त्याच वर्षी शेजारच्या किंबॉलमध्ये पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांसाठी स्मारक-सभागृह उभं राहिलं.

दुसरा प्रवाह युरोपातून आला: इटालियन, हंगेरियन, पोलिश. कीस्टोनमध्ये ज्यूंचं सिनेगॉग होतं, आणि त्याच गावात सिंडर बॉटम नावाची बदनाम वस्तीही होती. नकाशात बोटभर न दिसणाऱ्या गावात एवढी भाषांची खिचडी त्या काळी अमेरिकेच्या ग्रामीण भागात फार थोड्या ठिकाणी शिजली असेल.

ही माणसं राहत कंपनीच्या घरात. जमीन कंपनीची, घर, दुकान, डॉक्टर कंपनीचे, बहुतेक ठिकाणी चर्चची इमारतही तिचीच. पगाराआधी उचल हवी असेल तर कंपनी स्वतःची धातूची नाणी देई. ती कंपनीच्याच दुकानात चालत. काम गेलं की घर गेलं. संप केला की सामान रस्त्यावर.

या व्यवस्थेचा एक क्षण वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर गोठलेला आहे. १ ऑगस्ट १९२१. सिड हॅटफिल्ड हा शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावाचा पोलीसप्रमुख, खाणकामगारांची बाजू घेणारा. आदल्या वर्षी कामगारांची घरं रिकामी करायला आलेल्या बाल्डविन-फेल्ट्स या भाडोत्री पहारेकऱ्यांच्या टोळीशी मेटवानमध्ये चकमक झाली होती, दहा माणसं पडली होती. मॅकडॉवेलमधल्या मोहॉक खाणवस्तीवर गोळीबार केल्याच्या आरोपाची तारीख होती म्हणून तो आणि त्याचा साथीदार एड चेंबर्स वेल्चला आले. निःशस्त्र, शेजारी दोघांच्या बायका. पायऱ्या चढत असताना वर उभ्या असलेल्या बाल्डविन-फेल्ट्सच्या माणसांनी दोघांना गोळ्या घातल्या. महिन्याभरात हजारो सशस्त्र खाणकामगार ब्लेअर डोंगराकडे निघाले आणि अखेर सरकारला लष्कर पाठवावं लागलं. मॅकडॉवेलमध्ये संघटना उभी राहायला मात्र १९३३ उजाडलं, रूझवेल्टच्या काळात कायदा बदलल्यावर.

खाणीतल्या मरणाबद्दल एकच सांगतो. १० जानेवारी १९४० रोजी बार्टलीच्या खाणीत स्फोट झाला, ९१ माणसं गेली.

उतरण कधी लागली

१९५०ला ९८,८८७. १९६०ला ७१,३५९. दहा वर्षांत साडेसत्तावीस हजार माणसं कमी, आणि जन्म वजा मृत्यू धरले तर बाहेर पडणारे त्याहून जास्त. पुढच्या दहा वर्षांत आणखी वीस हजार कमी होऊन १९७०ला ५०,६६६.

या वीस वर्षांत झालं काय? १९५० साली खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन लुईस यांनी खाणमालकांशी करार केला. मजुरी चांगली द्या, टनामागे ठराविक रक्कम कामगारांच्या दवाखाना-पेन्शन निधीत टाका. त्या बदल्यात यंत्रं आणायला आमची हरकत नाही. थोडी माणसं, पण नीट पगाराची, हा लुईस यांचा हिशोब. त्याच सुमारास कोळसा कापून तो लगेच मागे ढकलणारं, न थांबता चालणारं यंत्र खाणीत आलं. त्याआधी माणूस फावड्याने डबे भरत असे. देशभराचा दगडी कोळसा धरला तर १९५० ते १९६०मध्ये उत्पादन साधारण पाचव्या हिश्श्याने घटलं, पण खाणकामगार सव्वाचार लाखांच्या आसपास होते ते पावणेदोन लाखांच्याही खाली आले. या दोन घसरणींतली तफावत म्हणजेच मॅकडॉवेलची रिकामी घरं.

मागणीही बदलत होतीच. रेल्वे डिझेलवर गेली. या कोळशावर जगलेल्या नॉरफोक अँड वेस्टर्ननेही १९६०मध्ये वाफेची इंजिनं थांबवली. घरं तेलावर आणि गॅसवर ऊब घेऊ लागली. पण पहिला घाव यंत्राचा. आणि तो सगळ्यांवर सारखा पडला नाही. हाताने कोळसा भरण्याच्या कामावर काळे मजूर जास्त होते, यंत्र चालवायला मात्र बहुतेक गोऱ्यांना घेतलं गेलं. म्हणून काळी कुटुंबं आधी निघाली: डेट्रॉईट, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क. मागोमाग गोरी निघाली ओहायोकडे, ॲक्रनच्या टायर कारखान्यांकडे.

लुईस यांना दोष द्यावा का? दवाखाने, पेन्शन, विधवांना आधार हे त्या निधीतून आलं, हे नाकारता येत नाही. पण ज्यांची कामं गेली त्यांची विचारपूस करणारं कलम त्या करारात नव्हतं.

एक बारीक गोष्ट इथे नोंदवायला हवी. याच काळात अनेक कंपन्यांनी आपली घरं कामगारांना विकून टाकली. वरवर पाहता चांगलंच; आयुष्यभर भाड्याने राहिलेला माणूस घरमालक झाला. पण कंपनीने त्याच वेळी छपराची डागडुजी, पाण्याची टाकी, सांडपाणी हे सगळंही अंगावरून झटकलं. तरुण निघून गेले. ज्यांनी घर घेतलं ते मागे राहिले, कारण त्या घराला गिऱ्हाईक नव्हतं. कंपनीच्या नळयोजना पुढे गंजत गेल्या. नळाला गढूळ पाणी म्हणून रस्त्याकडेला डोंगरातून येणाऱ्या पाइपाखाली डबे लावून पाणी भरणारी माणसं आजही तिथे दिसतात.

१९६०च्या वसंतात जॉन केनेडी प्राथमिक निवडणुकीसाठी या भागात फिरले आणि त्यांनी बेकारी आणि उपासमार डोळ्यांनी पाहिली. अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९६१ला, त्यांनी गरिबांना धान्यवाटप वाढवण्याचा आदेश काढला. मग अन्नकूपनांची प्रायोगिक योजना आली. २९ मे १९६१ला वेल्चमध्ये कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांनी पंधरा माणसांच्या एका कुटुंबाच्या हातात ९५ डॉलरची कूपनं ठेवली. त्या घरचा माणूस कधी काळी खाणीत होता. दुकानात जाऊन नवऱ्या-बायकोने पहिली वस्तू घेतली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा एक डबा. आज कोट्यवधी अमेरिकन ज्या योजनेवर जेवतात, तिच्या आजच्या रूपाचा आरंभ हा डबा. पुढे १९६४ला कायदा झाला.

मग १९७०चं दशक, आणि इथे आलेख थांबतो. १९७०ला ५०,६६६, १९८०ला ४९,८९९. १९७३च्या तेलसंकटाने कोळशाला पुन्हा भाव आला, मुलं शहरातून परतली, नव्या गाड्या आल्या. याच काळात नॉर्थफोर्क या चिमुकल्या गावाच्या शाळेने बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद १९७४ ते १९८१ असं ओळीने आठ वर्षं जिंकलं. चार वर्षांनी ती शाळा बंद झाली, मुलं पुरेनात.

१९८०चं दशक दुसऱ्या कारणाने बुडालं, आणि ते पहिल्यापेक्षा जिव्हारी लागलं. या वेळी पोलादच आजारी पडलं. गॅरीच्या दरीत यू. एस. स्टीलच्या खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या; गावाचं नावही कंपनीच्या संस्थापकांपैकी एक एल्बर्ट गॅरी यांच्यावरून. परदेशी पोलादाशी स्पर्धा आणि घटलेली मागणी यांत कंपनीने त्या एकेक बंद केल्या आणि १९८६पर्यंत तिथला कारभार आटोपला. १९९०ची जनगणना : ३५,२३३. १९५०च्या दशकात गेलेल्याला डेट्रॉईट होतं. १९८६मध्ये गॅरीतून निघालेल्याने जायचं कुठे? डेट्रॉईटचे कारखानेही कामगार कमीच करत होते.

जमीन कोणाची

कोळसा गेला तर दुसरं काही करता आलं असतं, असं म्हणणं सोपं आहे. त्यासाठी जागा लागते. काउंटीतल्या खाजगी जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग दहा मोठ्या मालकांच्या हातात आहे, आणि बहुतेकांचे पत्ते बाहेरचे. सुरुवात रेल्वे आली तेव्हाच झाली : डोंगरातल्या कुटुंबांनी जमीन किंवा नुसता खालच्या खनिजाचा हक्क कवडीमोलाने विकला, आणि पुढे रेल्वेचीच एक जमीनकंपनी मोठी मालक झाली. त्यामुळे डोंगर काउंटीत, पण त्याचा निर्णय काउंटीबाहेर. करवसुली तुटपुंजी, शाळा-रस्ते तसेच. चार पदरी महामार्ग कितीतरी दशकं कागदावर आणि तुकड्या-तुकड्यांत आहे.

याचा सगळ्यात विचित्र परिणाम शिक्षकांवर दिसला. पोस्ट आहे, पगार आहे, पण राहायला घर मिळत नाही. मग शिक्षक शेजारच्या काउंटीतून वळणावळणाने गाडी हाकत येणार आणि वर्ष-दोन वर्षांत जवळची नोकरी धरणार. २००१पासून बारा वर्षं इथल्या शाळा राज्य सरकारने चालवायला घेतल्या होत्या. २०११च्या शेवटी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेऊन अनेक संस्थांची मोट बांधली, आणि त्यातून वेल्चमध्ये शिक्षकांसाठी राहण्याची इमारत उभी राहिली. शाळा सुधारायला आधी बिऱ्हाड शोधावं लागतं, हे कुठल्या शिक्षण अहवालात सुचलं असतं?

तब्येतीचे आकडे वाईट आहेत, सांगून मोकळा होतो. २०१०च्या सुमारास इथल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ६४ वर्षं होतं, देशातल्या सगळ्या काउंटींमध्ये तळाला. धुळीने काळवंडलेली फुप्फुसं, मधुमेह, आणि पाठदुखीवर लिहून दिलेल्या गोळ्यांपासून सुरू झालेलं अफूजन्य व्यसन. २०१६च्या जानेवारीत किंबॉलचं वॉलमार्ट बंद झालं तेव्हा अनेकांचं किराणा दुकान, औषधाचं दुकान आणि चार ओळखीचे चेहरे भेटण्याची जागा एकदमच गेली. राजकारणात २००८ला ओबामांना कौल देणारी ही काउंटी आठ वर्षांत ट्रम्प यांच्याकडे साधारण तीन विरुद्ध एक अशी झुकली. त्यावर बाहेरून आलेल्या पत्रकारांनी एवढं लिहिलंय की मी भर घालत नाही.

त्यापेक्षा २०२०च्या आकड्याकडे पुन्हा बघा. १९,१११. २०१०पासून वेल्चजवळच्या डोंगरमाथ्यावर केंद्र सरकारचा तुरुंग चालू आहे, हजाराहून जास्त कैद्यांचा. अमेरिकेची जनगणना कैद्याला तो जिथे कोंडलेला आहे तिथला रहिवासी धरते. म्हणजे या एकोणीस हजारांत असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी वेल्चचा बाजार कधी पाहिलेला नाही. आणले गेलेले लोक, पुन्हा एकदा. आणि तुरुंग सरकारी मालमत्ता म्हणून काउंटीला घरपट्टीही देत नाही.

आलेलं आणखी एक पीक म्हणजे चारचाकी उघड्या गाड्या डोंगरात पिटाळणारे पर्यटक. जुन्या खाणरस्त्यांवरून हॅटफिल्ड-मॅककॉय नावाच्या वाटा काढल्या आहेत. शनिवार-रविवारी चिखलाने माखलेली माणसं गावात येतात, जेवतात, राहतात. पूर्वीच्या मानाने हा व्यवहार किरकोळ आहे, पण रिकाम्या घरांपैकी काहींना यातूनच नवं छप्पर मिळालं. आणि एल्कहॉर्नच्या ओढ्यात ट्राउट मासे चांगले पोसलेत. जुन्या खाणींतून झिरपणारं पाणी उन्हाळ्यातही थंड राहतं, त्यांना ते मानवतं.

रूळही आहेत तिथेच. पोलादाला लागणारा हा कोळसा अजून पूर्वेकडे नॉरफोक बंदरावर जातो आणि जहाजात चढतो. अमेरिकेच्या कोकिंग कोळशाच्या बड्या गिऱ्हाइकांत आज भारत आहे. प्रवासी गाडी मात्र १९७९नंतर वेल्चला थांबलेली नाही. डब्यांची लांबलचक माळ ओढ्याकाठच्या घरांना खेटून जाते, खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि ज्या घरात कोणी नसतं तिथलीही.